अडकलेली अक्कलदाढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलदाढ अडकली म्हणजे नेमके काय झाले?

समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजत गेलात की आठव्या क्रमांकावर अक्कलदाढ येते. दोन्ही जबडे आणि दोन्ही बाजू मिळून अशा चार दाढा. त्या साधारण १७ ते २५ या वयात वर येतात, म्हणजे बाकीचे सगळे दात आपापल्या जागी बसल्यानंतर. तोवर जबड्यात जागा उरली नसेल तर दाढ हाडात किंवा हिरडीखाली थांबते, तिरपी होते किंवा अर्धीच बाहेर येते. हीच अडकलेली दाढ. काहींची एखादी अक्कलदाढ मुळात तयारच होत नाही. तो आजार नव्हे.

विशीच्या आत दाढ अर्धी दिसत असेल तर ती अडकली असे लगेच ठरवू नये. ती अजून वर येत असू शकते. सहा महिने ते वर्षभराच्या अंतराने पुन्हा बघितले की चित्र स्पष्ट होते.

दाढ "आडवी" आहे असे डॉक्टर म्हणतात. सगळ्या सारख्याच आडव्या असतात का?

नाही, आणि पुढचा सगळा त्रास बऱ्याच अंशी या दिशेवरच ठरतो. सर्वांत जास्त आढळते ती पुढे कललेली दाढ. तिचा माथा सातव्या दाढेच्या मागच्या अंगाला टेकलेला असतो. काही दाढा पूर्ण आडव्या झोपलेल्या असतात, काही सरळ उभ्या असूनही वर येत नाहीत. चौथा प्रकार मागे कललेल्या दाढेचा. ती एक्स-रेत फारशी वाईट दिसत नाही, पण खालच्या जबड्यात ती काढायला बहुधा सर्वांत कठीण जाते, कारण तिची बाहेर पडण्याची वाट जबड्याच्या उभ्या हाडात घुसते.

दिशेइतकीच खोलीही महत्त्वाची. दाढ फक्त हिरडीखाली आहे, अर्धी हाडात आहे की पूर्ण हाडात, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

अर्धी वर आलेली दाढच सर्वांत जास्त का छळते?

कारण तिच्यावर हिरडीची झालर असते. दाढेचा पुढचा भाग उघडा आणि मागच्या भागावर हिरडीचा सैल पडदा, अशी रचना झाली की पडद्याखाली एक खोल खिसा तयार होतो. ब्रशचे केस तिथे पोहोचत नाहीत. अन्नाचे बारीक कण मात्र सहज शिरतात आणि तिथेच कुजतात. आत हवा खेळत नसल्यामुळे ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंचे चांगलेच फावते. हिरडी सुजते, जाड होते, आणि मग तोंड मिटताना वरची दाढ थेट त्या सुजलेल्या झालरीवर आपटते. चावली गेलेली हिरडी आणखी सुजते, आणखी चावली जाते. या चक्राला पेरिकोरोनायटिस म्हणतात.

ओळखायला सोपे आहे. मागच्या हिरडीत ठणका, तोंडाला घाण चव आणि वास, दाबल्यावर पू, घास गिळताना त्या बाजूचा घसा दुखणे. सूज चावण्याच्या स्नायूंपर्यंत पोहोचली की तोंड उघडेनासे होते. एरवी स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात. दातखीळ बसल्यावर एकही नीट जात नाही. हे मोजमाप रोज करून लिहून ठेवावे. सूज वाढते आहे की ओसरते आहे, हे त्यावरून आरशापेक्षा लवकर कळते.

हिरडी सुजली आहे आणि डॉक्टर उद्या भेटणार आहेत. तोवर काय करावे?

पेलाभर (साधारण २५० मि.लि.) कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून त्याच बाजूला अर्धा-एक मिनिट पाणी धरून खळखळून चूळ भरा. दिवसातून पाच-सहा वेळा आणि प्रत्येक खाण्यानंतर. दुखते म्हणून तिथे ब्रश लावणे सोडू नका. लहान डोक्याचा मऊ ब्रश पाण्यात ओला करून हलक्या हाताने फिरवा. क्लोरहेक्सिडिनचे ०.२ टक्के माउथवॉश असेल तर १० मि.लि. एक मिनिटभर, दिवसातून दोनदा. टूथपेस्टने त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून दोन्हींत अर्ध्या तासाचे अंतर ठेवा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात.

दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते: प्रौढांसाठी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान सहा तासांचे अंतर, आणि २४ तासांत एकूण ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. यकृताचा आजार किंवा वजन कमी असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम सूजही कमी करते, पण जठरात व्रण, मूत्रपिंडाचा आजार, दमा, गर्भारपण यांपैकी काही असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तीन गोष्टी मुळीच करू नका. अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवू नका. ती दुखणे थांबवत नाही, हिरडी भाजते आणि तिथे पांढरा चट्टा पडतो. बाहेरून गालावर गरम शेक देऊ नका. पिन, सुई किंवा टाचणीने झालर उचकटू नका.

दवाखान्यात नेमके काय करतात?

बोथट, वाकड्या सुईची सिरिंज झालरीखाली सरकवून खिसा सलाइनने किंवा जंतुनाशकाने धुतात. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतल्यावर निम्मा ठणका तिथेच उतरतो. वरची दाढ सुजलेल्या हिरडीवर चावत असेल तर तिचे टोक घासतात किंवा ती काढून टाकतात. वरची दाढ काढायला सोपी असते आणि आराम लगेच पडतो, त्यामुळे हा पर्याय समोर आला तर "दुखते खाली आणि काढतात वर" म्हणून घाबरू नका.

नुसती झालर कापण्याचाही उपाय आहे. दाढ सरळ असेल आणि तिला बसायला पुरेशी जागा असेल तरच त्याचा उपयोग होतो. एरवी हिरडी पुन्हा वाढते.

अँटिबायोटिक घेतल्यावर बरे वाटले. मग दाढ काढायची कशाला?

गोळ्यांनी सूज उतरते, खिसा तसाच राहतो. म्हणूनच काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तोच ठणका परत येतो, आणि दर वेळी हाड थोडे झिजते. ताप, पसरणारी सूज, जबड्याखाली सुजलेल्या गाठी किंवा दातखीळ असेल तेव्हा अँटिबायोटिक हवेच. साध्या, जागच्या जागी असलेल्या सुजेला धुणे पुरते. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या मनाने सुरू करणे सर्वांत घातक: मात्रा अपुरी पडते, जंतू औषधाला सरावतात आणि खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही. मेट्रोनिडाझोल दिले असेल तर ते चालू असताना आणि संपल्यावरही किमान दोन दिवस मद्य टाळावे.

माझी दाढ दुखतच नाही. तरी डॉक्टर काळजी का करतात?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. अक्कलदाढ स्वतः शांत राहून शेजारच्या सातव्या दाढेचे नुकसान करू शकते, आणि चावण्यासाठी खरी कामाची दाढ सातवीच असते.

पुढे कललेली दाढ सातवीला जिथे टेकते तिथे एक फट तयार होते. ती वरून दिसत नाही आणि दोरा घालूनही नीट साफ होत नाही. तिथे लागलेली कीड सातवीच्या मागच्या अंगाला, हिरडीच्या कडेशी किंवा त्याखाली असते. म्हणजे मुळाच्या अगदी तोंडाशी. दुखायला लागेपर्यंत ती नसेजवळ पोहोचलेली असते, आणि इतक्या मागे, इतक्या खाली कोरडे ठेवून भरणे फार अवघड जाते. मग रूट कॅनाल करावे लागते, आणि कधी दोन्ही दाढा काढाव्या लागतात.

याशिवाय सातवीच्या मागचे हाड झिजून तिथे खोल खिसा पडतो. क्वचित दाबामुळे सातवीचे मूळच विरघळत जाते. पूर्ण हाडात रुतलेल्या दाढेभोवतीच्या पिशवीत पाणी भरून सिस्ट तयार होऊ शकते. ती न दुखता वर्षानुवर्षे वाढते आणि जबडा आतून पोकळ करते. सिस्ट होण्याचे प्रमाण कमी आहे, पण ती एक्स-रेशिवाय कळत नाही. कीड मात्र मुळीच दुर्मीळ नाही.

अक्कलदाढेमुळे समोरचे दात वाकडे होतात का?

हा समज फार पसरलेला आहे, पण त्याला भक्कम आधार नाही. समोरचे खालचे दात वयानुसार सर्वांचेच थोडे दाटतात, अक्कलदाढा नसलेल्यांचेही. केवळ समोरचे दात सरळ राहावेत म्हणून दाढ काढण्याचा सल्ला मिळाला तर दुसरे मत घ्या.

कान आणि कानशील दुखते. दाढेचाच त्रास असेल का?

असू शकतो. खालच्या दाढेला आणि कानाजवळच्या भागाला संवेदना पुरवणाऱ्या नसा एकाच मोठ्या नसेच्या फांद्या आहेत, म्हणून मेंदूला जागा नीट कळत नाही. पण जबड्याच्या सांध्याचे दुखणे अगदी असेच वाटते. मागची हिरडी बोटाने दाबल्यावर तोच ठणका उठला तर संशय दाढेवर जातो. तोंड उघडताना कानापुढे कटकट आवाज येऊन दुखत असेल तर सांध्यावर.

कोणत्या लक्षणांत त्याच क्षणी रुग्णालय गाठावे?

खालच्या अक्कलदाढेची मुळे जबड्याच्या आतल्या बाजूला, तोंडाच्या तळाचा स्नायू जिथे चिकटतो त्या रेषेच्या खाली असतात. त्यामुळे तिथला पू तोंडात न फुटता थेट जबड्याखाली, मानेत आणि घशाच्या बाजूला उतरू शकतो. तिथली सूज श्वासाची वाट दाबते.

थुंकी गिळता न येणे, लाळ गळणे, जीभ वर उचलली जाणे, बोलताना तोंडात घास असल्यासारखा आवाज, जबड्याखाली टणक सूज, आडवे झाल्यावर श्वास अडणे: यांपैकी एकही असेल तर सकाळची वाट पाहू नका. दातांच्या दवाखान्यात न जाता मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. थंडी वाजून ताप आणि एका बोटाएवढेही तोंड न उघडणे, हेही त्याच दिवशी दाखवायचे.

कोणता एक्स-रे काढतात आणि त्यात काय बघतात?

दोन्ही जबडे एका चित्रात दाखवणारा ओपीजी बहुतेकांना पुरतो. त्यात दाढेची दिशा, खोली, मुळांचा आकार, सातवीची अवस्था आणि खालच्या जबड्यातून जाणारी नसेची नळी दिसते. ही नळी दोन पांढऱ्या रेषांसारखी उमटते. मुळावरून जाताना पांढरी रेषा तुटलेली दिसली, मूळ तिथे काळपट दिसले किंवा नळीने एकदम वळण घेतले असेल, तर नस मुळाला अगदी खेटून असण्याची शक्यता आहे. अशा वेळी सीबीसीटी हे त्रिमितीय चित्र काढतात. नस मुळाच्या गालाकडे आहे, जिभेकडे आहे की मुळांच्या मधून जाते, हे त्यात कळते. प्रत्येकाला सीबीसीटीची गरज नसते.

काढायचीच असेल तर योग्य वय कोणते?

मुळे एकतृतीयांश ते दोनतृतीयांश तयार झालेली असताना, म्हणजे साधारण १७ ते २१ या वयात, दाढ सर्वांत सहज निघते. हाड लवचीक असते, मुळे नसेपासून दूर असतात आणि जखम लवकर भरते. पंचविशीनंतर सातवीच्या मागचे हाड पूर्वीसारखे भरून येण्याची शक्यता कमी होत जाते. पस्तिशी-चाळिशीनंतर हाड टणक होते, आणि तोंड उघडण्याचा व नसेचा त्रासही जास्त दिसतो.

याचा अर्थ सगळ्यांनी विशीतच काढून टाकाव्यात असा नव्हे. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २००० साली निरोगी, त्रास न देणारी अडकलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, अशी सूचना दिली. तिचा हेतू योग्य होता. मात्र नंतरच्या काळात तिथल्याच दंतवैद्यांनी सातवीच्या मागच्या अंगाची कीड घेऊन उशिरा येणाऱ्या रुग्णांकडे लक्ष वेधले. आमचे मत असे: पूर्ण हाडात खोल असलेली शांत दाढ राहू द्यावी आणि तपासत राहावे. पण अर्धी उघडी, पुढे कललेली आणि सातवीला चिकटलेली दाढ "दुखत नाही" एवढ्यावर सोडून देऊ नये.

शस्त्रक्रियेत काय होते? किती दुखते?

बहुतेकांना जागच्या भुलीत करता येते. लिग्नोकेन आणि अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिल्यावर अर्धा ओठ आणि जीभ जड होते. मग हिरडी कापून बाजूला करतात, सलाइनचे पाणी सोडत बर (हाड कापणारे लहान फिरते टोक) फिरवून दाढेभोवतीचे थोडे हाड काढतात, दाढेचे दोन-तीन तुकडे करतात आणि एकेक तुकडा उचलतात. तुकडे केल्याने हाड कमी काढावे लागते, म्हणून "दाढ फोडली" हे ऐकून दचकू नये. शेवटी खड्डा धुऊन टाके घालतात. साधारण २० मिनिटे ते तासभर लागतो. दाब, थरथर आणि आवाज जाणवतो. टोचल्यासारखी कळ आली तर लगेच हात वर करा. भूल वाढवता येते.

ओठ कायमचा बधीर होईल अशी भीती वाटते.

भीती निराधार नाही, पण तिचे माप माहीत असावे. खालच्या दाढेनंतर ओठ, हनुवटी किंवा जिभेला काही आठवडे ते महिने मुंग्या किंवा बधिरपणा राहणे शंभरात काही जणांना होते. कायमचा बधिरपणा शंभरात एकाहून कमी जणांना. ओठाची हालचाल थांबत नाही, कारण ही नस स्पर्शाची आहे.

एक्स-रेत मूळ नसेला खेटलेले असेल तर कोरोनेक्टॉमीबद्दल विचारा. यात दाढेचा माथा कापून काढतात आणि मुळे हाडाच्या कडेच्या सुमारे ३ मि.मी. खाली तशीच ठेवतात. मूळ सैल असेल किंवा कीड दाढेच्या आतल्या नसेत पोहोचली असेल तर हा पर्याय चालत नाही. ठेवलेली मुळे पुढे कधी वर सरकतात आणि काढावी लागतात, पण तोवर ती नसेपासून दूर आलेली असतात.

वरच्या अक्कलदाढेचे काय?

हाड मऊ असल्याने ती बहुधा लवकर निघते. काळजी असते ती वरच्या जबड्याच्या हाडातल्या सायनसची, म्हणजे हवा असलेल्या पोकळीची. मुळे सायनसला लागून असतील तर तोंड आणि सायनस यांच्यात छिद्र पडू शकते. पाणी पिताना ते नाकातून आले तर लगेच कळवा, दोन आठवडे नाक जोराने शिंकरू नका आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवून येऊ द्या.

दाढ काढल्यानंतर पहिले दिवस कसे काढावेत?

कापसाची घडी किंवा गॉज ३० ते ४५ मिनिटे घट्ट चावून धरा. दर दोन मिनिटांनी उचलून बघितले तर गुठळी बसत नाही. पहिले २४ तास लाळ गुलाबी येते, ते ठीक. तोंड भरून लाल रक्त येत राहिले तर नवे ओले गॉज आणखी अर्धा तास चावा. तरीही थांबले नाही तर डॉक्टरांना गाठा.

पहिल्या दिवशी चूळ नाही, थुंकणे नाही, स्ट्रॉ नाही, गरम पेय नाही. बाहेरून बर्फ कपड्यात गुंडाळून २० मिनिटे ठेवा, २० मिनिटे काढा. भूल उतरायला काही तास लागतात. त्या वेळात काही चावू नका, नाहीतर स्वतःचाच ओठ चावला जातो आणि कळत नाही. दुखण्याची पहिली गोळी भूल पूर्ण उतरण्याआधी घ्यावी.

दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याने हलक्या चुळा. सूज तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते, मग उतरते. तिसऱ्या दिवशी गाल अधिक फुगलेला दिसला म्हणजे काही बिघडले असे नाही. चौथ्या दिवसानंतरही वाढत असेल तर दाखवा. टाके न विरघळणारे असतील तर साधारण ७ दिवसांनी काढतात. खोल दाढ हाड कापून काढली असेल तर पहिले चार-सहा आठवडे त्या बाजूने कडक काही चावू नये, कारण तिथला जबडा तेवढा काळ कमजोर असतो.

ड्राय सॉकेट कसे ओळखावे?

दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमी व्हायला हवे. त्याऐवजी ते एकदम वाढले, कानापर्यंत गेले, गोळीला दाद देईना आणि तोंडाला वास येऊ लागला, तर खड्ड्यातली रक्ताची गुठळी निसटलेली असते. तिथे गडद गुठळीऐवजी करडे, उघडे हाड दिसते. खालच्या अक्कलदाढेनंतर हे इतर दातांपेक्षा बरेच जास्त घडते, आणि धूम्रपान करणाऱ्यांत व गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत धोका वाढतो. किमान तीन दिवस, जमल्यास आठवडाभर, सिगारेट आणि तंबाखू पूर्ण बंद.

डॉक्टर खड्डा धुऊन युजेनॉल (लवंगेच्या तेलातला घटक) असलेली औषधी पट्टी भरतात. आराम बहुधा काही मिनिटांत पडतो. पट्टी दोन-तीनदा बदलावी लागू शकते. जखमेवर दिसणारा पांढरट-पिवळट थर मात्र दुखत नसेल तर तो पू नसतो. ते भरून येणाऱ्या जखमेचे आवरण आहे, खरवडू नका.

मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गर्भारपण असेल तर?

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. ती बंद केल्याने होणारा झटका हा हिरडीतून येणाऱ्या रक्तापेक्षा फार मोठा धोका आहे. वॉरफेरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी) ४ च्या खाली असल्यास दाढ बहुधा गोळी न थांबवता काढतात. मधुमेहात साखर आटोक्यात आणून, सकाळी, जेवण आणि औषध चुकवल्याशिवाय. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिसफॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब घेत असाल, किंवा जबड्याला पूर्वी रेडिएशन दिले असेल, तर हे आधीच सांगणे अत्यंत गरजेचे आहे, कारण अशा हाडाची जखम महिनोन्‌महिने न भरण्याचा धोका असतो. गर्भारपणात नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. टाळता येत नसेल तर मधली तिमाही सोयीची. पसरलेला संसर्ग मात्र कोणत्याही महिन्यात थांबवून ठेवत नाहीत.

चारही एकदम काढाव्यात का?

चालते, विशेषतः पूर्ण भुलीत. जागच्या भुलीत बहुतेक जण एका बाजूच्या वरच्या-खालच्या दोन काढून घेतात, म्हणजे दुसऱ्या बाजूने खाता येते.

सध्या काढायची नाही असे ठरले. मग काय सांभाळावे?

एकाच गुच्छाचा लहान टफ्ट ब्रश घ्या. तोंड अर्धेच उघडा, कारण पूर्ण उघडले की गाल ताणून जागा बंद होते. मग ब्रश सातवीच्या मागच्या अंगाला टेकवून रोज रात्री दहा-पंधरा सेकंद गोल फिरवा. पहिल्या आठवड्यात रक्त येईल, साफ होत गेले की थांबते. वर्षातून एकदा दंतवैद्याकडून सातवीच्या मागचा खिसा मोजून घ्या, ४ मि.मी. किंवा जास्त निघाला तर दाढ ठेवण्याचा निर्णय पुन्हा तपासावा. एक्स-रे दर वर्षी लागत नाही, साधारण दोन-तीन वर्षांनी पुरतो. जुना एक्स-रे जपून ठेवा. दाढेभोवतीची काळी कड रुंदावते आहे का, हे दोन चित्रे शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही.